गुरुवारची डिस्क

शंकरप्पाला आयुष्यात दोनच गोष्टींचा अभिमान होता. एक त्याची बायको पार्वतम्मा, आणि दुसरी सर्व्हरच्या खोलीत भिंतीवर चिकटवलेली एकोणीस सूचनांची यादी. पहिल्या अभिमानाबद्दल त्यानं कधी चकार शब्द काढला नाही. दुसऱ्याबद्दल मात्र कुणी नुसतं ‘काय अप्पा, कसं काय’ म्हटलं तरी पुरे, गडी पहिल्या सूचनेपासून सुरू व्हायचा.

लातूरच्या एका ट्रस्टच्या दवाखान्यात तो संगणक विभागाचा प्रमुख होता. विभागात दुसरं माणूस नव्हतं, त्यामुळे प्रमुखही तोच आणि हाताखालचाही तोच. वरच्या मजल्यावर एक काळा लोखंडी सर्व्हर आणि त्या एकाच सर्व्हरच्या पोटात चार व्हर्च्युअल मशीन. हे प्रकरण काय आहे ते त्यानं दवाखान्यातल्या डॉक्टरांपासून वॉचमनपर्यंत सगळ्यांना समजावून दिलं होतं. वाडा एक, भाडेकरू चार. प्रत्येकाला वाटतं आपणच मालक, कुणाला कुणाचा पत्ता नाही, पण छप्पर एक आणि लाईटचं मीटरही एकच. एकानं जास्त दिवे लावले की बाकीचे अंधारात. म्हणून सूचना क्रमांक दोन: ज्या मशीनला जेवढी मेमरी लागते तेवढीच द्यावी, लाडानं ताट भरून वाढू नये. क्रमांक पाच: स्नॅपशॉट हा बॅकअप नव्हे, मशीनचा काढलेला तो एक क्षण तीन दिवसांच्या वर ठेवला तर फुगतो आणि सगळी डिस्क खातो. क्रमांक नऊ: लाईट जाऊन आली की चारही मशीन एकदम सुरू करू नयेत, एकामागून एक उठवावीत. क्रमांक चार सगळ्यात ठळक अक्षरांत होती: काम चालू असताना फोन खोलीबाहेर ठेवावा.

चार मशीनना त्यानं नद्यांची नावं दिली होती. नोंदणीचं मशीन मांजरा, डायलिसिसचं तेरणा, औषधांचं मन्याड आणि तपासण्यांचं तावरजा. नावं ठेवली तेव्हा नद्यांना पाणी होतं. दोन हजार सोळा साल उजाडेपर्यंत नद्यांचे नुसते रस्ते राहिले. लातुरात रेल्वेनं पाणी यायला लागलं, आणि खालून कुणी ओरडून विचारलं, ‘अप्पा, मांजरा चालू हाय का?’ की ओपीडीतली नवी माणसं आशेनं मान वर करायची.

खालच्या मजल्यावर, बरोब्बर सर्व्हरच्या खोलीखाली, डायलिसिसचा वॉर्ड होता. तिथं दर मंगळवारी आणि शुक्रवारी पार्वतम्मा चार-चार तास यंत्राला जोडलेली असायची. दोन वर्षं झाली होती. नवरा वर, बायको खाली, मधे फक्त एक स्लॅब. मूत्रपिंडानं काम टाकलेलं, त्यामुळे दिवसाला पाऊण लिटरच्या वर पाणी प्यायचं नाही असा तिला डॉक्टरांचा दंडक होता. स्टीलचा एक छोटा पेला ती त्यासाठी जपून ठेवायची. शेजारणी पाण्याच्या नावानं बोटं मोडायला लागल्या की ती म्हणायची, “लातूरला पाणी दहा दिवसांनी येवं न्हाई तर महिन्यानं, माझा कोटा ठरल्याला हाय. दुष्काळात माझ्यासारखी बायको मिळाया नशीब लागतंय.” शंकरप्पा हसायचा, आणि मग तोंड वळवून चष्मा पुसत बसायचा.

ती उदगीरच्या पलीकडची, सीमेवरची. घरात निम्मं कानडी. बोलायला एवढी मोकळी, की वॉर्डातल्या सव्वीस पेशंटची कुंडली तिला पाठ होती. कुणाची लेक कुठं दिली, कुणाचं वजन किती वाढलं, कुणी गुपचूप कलिंगड खाल्लं. शेजारच्या खाटेवरचा जळकोटचा रामकिशन तिचा खास दोस्त. उदगीर जिल्हा होणार म्हणून तो इतका खात्रीत होता, की नर्सनं पत्ता विचारला तर ‘तालुका जळकोट, जिल्हा उदगीर’ असंच सांगायचा. जिल्हा झाला की पाणी येतंय, असं त्याचं म्हणणं. पार्वतम्मा म्हणायची, “जिल्हा नवा हुईल रे, ढग कुठून आणणार?”

या सगळ्यात एक माणूस आणखी होतं, धुरपताबाई. दवाखान्यात शिपाई. भोकरकडची लेक, लातुरात दिलेली. वरचा मजला झाडणं, एसीच्या नळीखाली बादली लावून जे चार थेंब पडतील त्यात फडकं भिजवून फरशी पुसणं, आणि रोज सकाळी सर्व्हरची बॅकअपची डिस्क बदलणं ही तिची कामं. सात डिस्का होत्या, प्रत्येकीवर पांढऱ्या चिकटपट्टीवर वाराचं नाव. आदल्या दिवसाची काढायची, कपाटात ठेवायची, आजच्या वाराची लावायची. त्या वारी मागच्या आठवड्याचं पुसलं जाऊन नवं भरायचं. दोन वर्षांत तिचा एक वार चुकला नव्हता.

मार्चमधल्या एका शुक्रवारी शंकरप्पानं तेरणाचं मोठं काम काढलं. पाण्याच्या तंगीमुळे दवाखाना मिळेल तिथून टँकर घेत होता. पाणी यंत्रात जाण्याआधी दर टँकरची तपासणी, त्याचे आकडे, तासातासाला यंत्राच्या नोंदी, असा पसारा वाढून तेरणाची डिस्क गळ्यापर्यंत आली होती. म्हणून तिला दुसरी, मोठी डिस्क जोडायची आणि पेशंटांच्या सगळ्या नोंदी तिच्यावर हलवायच्या. सकाळी धुरपताबाई गुरुवारची डिस्क काढायला आली तेव्हा त्यानं हौसेनं सांगितलं, की तेरणाचा रांजण लहान पडला, आज मोठा आणतोय.

तिनं गुरुवारची डिस्क हातात धरून थोडा विचार केला. तिच्या सासूची शिस्त होती. टँकरचं नवं पाणी आलं की लातुरातल्या चार बायका जुनं शिळं म्हणून ओतून देतात, तसं त्या घरात कधी झालं नाही. जुन्यातली एक घागर झाकून बाजूला ठेवायची. नवं पाणी घरातल्या एकानं पिऊन पाहायचं, कुणाचं पोट दुखलं नाही, वास आला नाही, की मगच ती घागर मोकळी करायची. धुरपताबाईनं विचारलं, “अप्पा, रांजण बदलून राहिले तर जुन्यातली एक घागर बाजूला ठेवू का?”

शंकरप्पाचे डोळे पडद्यावर होते. तो म्हणाला, “हाव, हाव. ठेवा.” आपण काय कबूल केलं ते त्याच्या कानातून आत गेलंच नाही.

दुपारपर्यंत नोंदी नव्या डिस्कवर गेल्या. एक शेवटचं काम राहिलं होतं, ही नवी डिस्क रोजच्या बॅकअपच्या यादीत घालणं. दोन मिनिटांचं काम. तेवढ्यात दार उघडून धुरपताबाई आत आली. एरवी ती वाजवल्याशिवाय कधी येत नसे. ती म्हणाली, “अप्पा, खाली चला. बाईला चक्कर आली.”

तो जिना कसा उतरला ते त्यालाही सांगता यायचं नाही. पार्वतम्माचा रक्तदाब एकदम खाली गेला होता. ओठ पांढरे, डोळे अर्धे मिटलेले. डॉक्टरांनी यंत्र हळू केलं, सलाईन सोडलं, तासाभरात ती सावरली. डोळे उघडल्यावर पहिला प्रश्न रामकिशनला, त्याच्या जिल्ह्याचं काही कळलं का म्हणून. शंकरप्पा मात्र तिची खाट धरून संध्याकाळपर्यंत बसून राहिला. दुसऱ्या दिवशी तो वर गेला तेव्हा बॅकअपच्या समोर रोजच्यासारखी हिरवी खूण होती. हिरवं दिसलं की माणूस निश्चिंत होतो. राहिलेलं काम राहूनच गेलं.

पुढच्या गुरुवारी डिस्क सापडेना. शंकरप्पानं कपाट पालथं घातलं आणि धुरपताबाईवर चांगलंच तोंडसुख घेतलं. दोन वर्षं शिकवलं त्याचं हेच फळ का, सव्वीस माणसांच्या जिवाच्या गोष्टी असतात यात, असं बरंच. ती ऐकून घेऊन खाली मान घालून फरशी पुसत राहिली. त्यानं नवी डिस्क आणली, नव्या चिकटपट्टीवर गुरुवार लिहिलं आणि विषय संपला. फक्त त्यानंतर पंधरा दिवसांतून एकदा ती डिस्क बदलता बदलता विचारायची, “अप्पा, नवं पाणी पिऊन पाहिलं का?” तो हसायचा. बॅकअप का कधी प्यायचा असतो? रोज भरायचा आणि झाकून ठेवायचा. एकोणीस सूचनांत रोज बॅकअप घ्या ही पहिलीच होती. घेतलेला बॅकअप पुन्हा उघडून पाहा, हे मात्र भल्या माणसानं कुठं लिहिलंच नव्हतं.

एप्रिल संपत आला तसं डायलिसिसचं पाणी संपत आलं. एका पेशंटच्या एका पाळीला शंभर-सव्वाशे लिटर शुद्ध पाणी लागतं, ते आणायचं कुठून. शेवटच्या आठवड्यात शुक्रवारचा टँकर आलाच नाही आणि त्या दिवशीच्या पाळ्या रद्द झाल्या. ट्रस्टनं ठरवलं, पाऊस पडेपर्यंत सगळा वॉर्ड नांदेडच्या शाखेत हलवायचा. नांदेडला गोदावरीचं पाणी अजून होतं. पेशंट रविवारी सकाळी बसनं निघणार आणि दुपारी तिथं पहिल्या पाळ्या लागणार. जुना सर्व्हर तेरणासकट शनिवारी चारच्या जीपनं पुढं जाणार. बाकीची तीन मशीन लातूरच्या नव्या सर्व्हरवर आधीच गेली होती.

पार्वतम्माची पाळी मंगळवारनंतर झालीच नव्हती. शनिवारी सकाळी तिच्या पायावर बोट दाबलं तर खड्डा तसाच राहत होता. चार दिवसांचं पाणी अंगात साठलेलं. नांदेडला यंत्राला जोडल्यावर नेमकं किती पाणी काढायचं हे तिच्या कोरड्या वजनावरून ठरणार. अंगात जादा पाणी नसताना माणसाचं जे वजन भरतं त्याला डॉक्टर कोरडं वजन म्हणतात. कमी काढलं तर दम लागतो, जास्त काढलं तर रक्तदाब कोसळतो. तो आकडा, रक्त पातळ करायच्या औषधाचं माप, कुठल्या हातात सुई, सगळं तेरणात. कागद दोन वर्षांपूर्वीच बंद झाले होते, आणि तेही शंकरप्पाच्याच आग्रहानं.

शनिवारी सकाळी जुना सर्व्हर स्वच्छ पुसून त्यावर सगळं नव्यानं बसवायचं आणि बॅकअपमधून तेरणा परत उतरवायची, असा त्याचा बेत होता. तेरणाची आधी आणखी एक प्रत काढायला दोन तास लागले असते. बारा वाजता लाईट जाणार होती. हिरव्या खुणा तर रोजच्या होत्या. त्यानं फोन बाहेर ठेवला, सर्व्हर पुसला, नवं बसवलं, शुक्रवारची डिस्क लावली. अकराच्या सुमारास तेरणा उठली. त्यानं पेशंटांची यादी उघडली.

यादीत शून्य पेशंट होते.

मग त्यानं गुरुवारची लावली, मग बुधवारची. एकेक करून साती वार झाले. दर वेळी तेरणा झकास उठायची आणि दर वेळी आत काही नसायचं. दीड महिना रोज रिकामा रांजण भरला म्हणून हिरवी खूण पडत होती. नव्या डिस्कची आठवण त्याला आता झाली, आणि ती दोन मिनिटं कुठं गेली तेही आठवलं. भिंतीवरच्या एकोणीस सूचनांकडं त्याला बघवेना. उद्या दुपारी पार्वतीला यंत्राला जोडतील आणि डॉक्टर आकडा विचारतील, तेव्हा आपण काय सांगायचं, एवढंच त्याच्या डोक्यात घोळत राहिलं.

टेबलावर साती डिस्का पसरलेल्या होत्या. सहांच्या चिकटपट्ट्या मळून पिवळ्या पडलेल्या आणि एकीची पांढरीशुभ्र. त्या पांढऱ्या गुरुवारकडं बघता बघता त्याला जुना गुरुवार आठवला. मग शिव्या खाताना खाली घातलेली मान आठवली. आणि मग, कुठून कोण जाणे, घागरीचं ते बोलणं.

धुरपताबाई त्या दिवशी रजेवर होती. पाण्याची रजा. गल्लीत टँकर यायचा असला की लातुरात कुणीही रजा टाके आणि साहेबही मुकाट्यानं सही करत. त्यानं फोन लावला, तिनं उचलला नाही. आपलीच सूचना क्रमांक चार आपल्यावर उलटली असं मनात येऊन त्याला हसूही येईना. स्कूटरला किक मारून तो निघाला.

तिच्या गल्लीत चौदा एप्रिलच्या निळ्या पताका अजून दोऱ्यांवर होत्या आणि त्यांच्या खाली घागरी, हंडे, रंगाचे रिकामे डबे यांची रांग गल्लीच्या तोंडापर्यंत गेली होती. पाण्यापाशी माणसांनी जमू नये असा तेव्हा हुकूम होता, म्हणून रांगेत भांडी उभी आणि बाया दोन्ही बाजूंना उंबऱ्यावर. धुरपताबाई आपल्या आठ भांड्यांजवळ बसली होती. त्याचा चेहरा बघून ती उठली.

“धुरपताबाई,” तो म्हणाला, “मार्चमधली गुरुवारची डिस्क. तुम्ही बाजूला ठेवली होती का?”

“तुमीच ठेवा म्हणले हुते.”

“आहे?”

“आसंल न्हाई तर काय. आजून पिऊन कुठं पाहिलं तुमी, म्हणून मोकळी केली न्हाई.”

शंकरप्पा तिथंच भांड्यांजवळ बसला. मग सगळं भडाभडा सांगून टाकलं, शुक्रवारचं राहिलेलं काम, साती रिकाम्या डिस्का, उद्याची पार्वतीची पाळी. धुरपताबाईनं एकदा गल्लीच्या तोंडाकडं पाहिलं. टँकरचा हॉर्न वाजला होता. डिस्क घरी, आणि घर गल्लीच्या दुसऱ्या टोकाला. गेली तर नंबर जाणार आणि पुढं दहा दिवस पाणी नाही. तो म्हणाला, तुम्ही जा, मी उभा राहतो.

मग त्या गल्लीनं एक नवल पाहिलं. इस्त्रीचा शर्ट घातलेला, गळ्यात ओळखपत्र लटकवलेला माणूस आठ भांडी राखत टँकरच्या पाइपाशी उभा. पहिल्या हंड्यात पाइप धरताना त्यानं निम्मं पाणी पायावर घेतलं. समोरच्या उंबऱ्यावरची म्हातारी करवादली, “ओ साहेब, तोंडाशी धरा, कंप्युटर न्हाई ते.” बाया पदराआड हसल्या. दुसऱ्या भांड्यापासून त्याला जमलं. एकेक भांडं गळ्यापर्यंत, सांडू न देता. सगळी आठ भरली. आपण आयुष्यात इतकं मन लावून कुठलं मशीन भरलं नसेल असं त्याला वाटलं.

धुरपताबाई आली ती डाळीचा स्टीलचा डबा घेऊन. आत तांदूळ, दमट लागू नये म्हणून, आणि तांदळात जुन्या लुगड्याच्या फडक्यात गुंडाळलेली डिस्क. चिकटपट्टीवर त्याच्याच हातचं गुरुवार. तो म्हणाला, त्या दिवशी मी लई बोललो तुम्हाला. ती भांडी उचलता उचलता म्हणाली, “आदल्या आठवड्यात बाईला तसलं झालं हुतं. तुमचा जीव थाऱ्यावर नव्हता. म्हणलं, बोलून घिऊ द्या.” दोन हंडे त्यानं घरापर्यंत पोचवले. तिनं नको म्हटलं नाही.

लाईट गेली होती, म्हणून वॉर्डासाठी राखलेला जनरेटर त्यानं डॉक्टरांकडून सर्व्हरसाठी मागून घेतला. अडीच वाजता तेरणा पुन्हा उतरली. यादी उघडली. सव्वीस नावं. शंकरप्पानं खुर्चीला पाठ टेकून डोळे मिटले आणि मग त्याला धुरपताबाईचा प्रश्न आठवला. नावं दिसली म्हणजे पाणी प्यालं असं होत नाही. एक तरी नोंद उघडून वाचायला हवी. पण सूचना क्रमांक सोळा होती: पाणी वाहणाऱ्यानं घागरीत तोंड घालू नये, पेशंटची नोंद उघडू नये. दोन वर्षांत त्यानं ती कधी मोडली नव्हती, बायकोच्या बाबतीतही नाही. आता मोडायचीच तर ती एकच नोंद वाचण्याचा आपल्याला हक्क आहे असं त्यानं ठरवलं.

पार्वतम्मा. कोरडं वजन साडेएक्कावन्न. सुई डाव्या हातात. औषधाचं माप, मागच्या पाळ्या, सगळं जागेवर. तो समाधानानं खाली खाली वाचत गेला आणि एका ओळीवर थांबला. तातडीचा संपर्क: धुरपताबाई. नातं: बहीण, रक्ताचं काही नसताना. आणि पुढं नर्सनं टिपलेलं, पेशंटचे पती याच इमारतीत असतात, पण कामात असले की फोन उचलत नाहीत.

तारीख दोन वर्षांपूर्वीची होती. म्हणजे पहिल्या दिवसापासून. म्हणजे त्या शुक्रवारी धुरपताबाई न वाजवता आत आली ती उगाच नाही. खालून तिला फोन गेला होता. आपल्या डोक्यावर एक स्लॅब सोडून बसलेल्या नवऱ्याला बोलवायला पार्वतीनं दुसरं माणूस ठेवलं होतं, आणि दोन वर्षांत एकदाही तक्रार केली नव्हती. शंकरप्पाला रडू आलं. एकटाच होता, म्हणून त्यानं ते आवरलं नाही.

पण रडत बसायला वेळ नव्हता. गुरुवारची डिस्क मार्चमधली, पुढचा दीड महिना तिच्यात नव्हता. त्यानं बाहेर जाऊन फोन आणला आणि पार्वतम्माला लावला. झालं ते सगळं सांगितलं, फक्त ती एक ओळ सोडून. ती रिक्षानं आली, सुजलेल्या पायांनी थांबत थांबत जिना चढली आणि जन्मात पहिल्यांदा त्या खोलीत शिरली. खुर्चीवर बसून पाय स्टुलावर ठेवले, भिंतीवरची यादी वरपासून खालपर्यंत वाचली, क्रमांक चारपाशी जरा थांबली, आणि म्हणाली, “सांगा, कुणापासून?”

मग पदराच्या गाठीतून काढावं तसं एकेक माणूस निघालं. सव्वीस जणांचे नंबर तिच्या फोनात, आणि आकडे बरेचसे डोक्यात. इस्लापूरच्या नागुबाईचं वजन एप्रिलात दोन किलो उतरलं. अमक्याची सुई आता दुसऱ्या हातात. तमक्याचं औषध डॉक्टरांनी निम्मं केलं. प्रत्येकाला फोन लावून ती खात्री करून घ्यायची, वॉर्डाचे डॉक्टर वर येऊन शेजारी बसून तपासायचे, शंकरप्पा तेरणात भरायचा. रामकिशनला फोन लागला तेव्हा तो आधी जिल्हा सांगून मग वजन सांगायला लागला. पार्वतम्मानं जिल्हा उदगीरच लिहायला लावला. साडेपाचला सव्विसावं नाव झालं. जीप दीड तास खोळंबली होती.

निघण्याआधी शंकरप्पानं तेरणाचा बॅकअप घेतला. यादी आधी नीट तपासून. मग तोच बॅकअप वेगळ्या मशीनवर उतरवून पार्वतीची नोंद पुन्हा उघडून पाहिली. गुरुवारची जुनी डिस्क त्यानं परत फडक्यात गुंडाळून डब्यात घातली आणि डबा वॉचमनजवळ धुरपताबाईसाठी ठेवला. निरोप दिला, आजून दोन दिवस असू द्या म्हणावं.

रविवारी दुपारी नांदेडच्या नव्या वॉर्डात पार्वतम्माला यंत्राला जोडलं. डॉक्टरांनी तेरणातला आकडा पाहून किती पाणी काढायचं ते ठरवलं. शंकरप्पा सर्व्हरपाशी गेला नाही, तो तिच्या खाटेला लागून स्टुलावर बसला, फोन हातात धरून. चार तासांत एकदाही चक्कर नाही, दम नाही. शेवटी वजन केलं तर साडेएक्कावन्नला दोनशे ग्रॅम जास्त. डॉक्टर म्हणाले, झकास. पायावरचा खड्डा गेला होता. तिनं पेल्यातलं गोदावरीचं पाणी घोटभर घेतलं आणि उरलेलं त्याच्याकडं सरकवलं.

मग त्यानं खाली बघत सांगितलं, की काल तुझी नोंद वाचली. ती समजली. पलीकडं रामकिशन झोपल्याचं सोंग घेऊन ऐकत होता.

“ते संपर्काचं,” तो म्हणाला, “तिथं आता माझा नंबर घालू का?”

“इल्ला,” ती म्हणाली. कानडीत नाही म्हणायची तिची ती पद्धत लग्नापासूनची, त्याच्यापुढं अपील नसायचं. “धुरपताचाच राहू दे. तुमचा बी घाला खाली. महिनाभर उचलून दाखवा, मग बघू. नवं पाणी पिऊन पाहिल्याबिगर जुनी घागर वतायची न्हाई.”

तो मान हलवून हसला. तिनं डोळे मिटले तसं त्याला वाटलं तिला झोप लागली. तेवढ्यात त्याच्या हातातला फोन थरथरला. पडद्यावर नाव आलं, पार्वती. त्यानं शेजारी पाहिलं. ती भिंतीकडं तोंड करून पडली होती, उजव्या हातातला फोन कानाला लावून.

त्यानं उचलला आणि म्हणाला, “बोल.”

“हां,” ती फोनातच म्हणाली. “एक दिवस झाला.”